रोव्ह भुंगेरे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रोव्ह भुंगेऱ्यांबद्दल लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला ओळख, मग राहणी आणि विष, आणि शेवटी जिथे नियम मोडतो अशी उदाहरणे. अंगावर फोड आल्यामुळे हे पान उघडले असेल, तर आधी प्रश्न 8 वाचा. बाकीचे सवडीने वाचता येईल.

1. रोव्ह भुंगेरा म्हणजे नक्की कोणता किडा?

स्टॅफिलिनिडी या कुळातला भुंगेरा. शरीर लांबट आणि सडपातळ. पाठीवरचे कडक कवचपंख इतके आखूड असतात, की निम्म्याहून जास्त पोट उघडेच राहते. हीच त्याची पहिली खूण. बहुतेक जाती 2 ते 8 मिलिमीटरच्या असतात. काही एक मिलिमीटरही भरत नाहीत, तर युरोपातला ऑसिपस ओलेन्स 3 सेंटिमीटरपर्यंत वाढतो. रंग बहुधा काळा किंवा तपकिरी, पण लाल-निळे आणि धातूसारखे चमकणारेही आहेत. दगड किंवा ओला पाला उचलल्यावर पोटाचे टोक वर करून सैरावैरा पळणारा बारीक किडा दिसला, तर तो बऱ्याचदा यांच्यातलाच असतो.

2. हा भुंगेरा कसा? दिसतो तर मुंगीसारखा नाहीतर इअरविगसारखा.

गोंधळ होणे साहजिक आहे. इअरविगचेही पुढचे पंख आखूड असतात. पण त्याच्या पोटाच्या टोकाला कडक चिमटा असतो, तो रोव्ह भुंगेऱ्याला नसतो. मुंगीची कंबर एकदम बारीक होते आणि मिशांना कोपरासारखा बाक असतो. रोव्ह भुंगेऱ्याच्या मिशा मण्यांच्या माळेसारख्या सरळ असतात आणि पाठीवर दोन चौकोनी झाकणे दिसतात. ही झाकणे म्हणजेच भुंगेऱ्यांचे ठरलेले कवचपंख, इथे फक्त लांबीला कमी. मुंग्यांसोबत राहणाऱ्या काही जातींमध्ये मात्र या खुणाही पुरत नाहीत (प्रश्न 14 पाहा).

3. एवढे आखूड पंख घेऊन तो उडतो कसा?

उडायचे पंख वेगळे असतात. कवचपंखांच्या खाली मागच्या पातळ, पारदर्शक पंखांची जोडी घडी घालून ठेवलेली असते, आणि उघडल्यावर ती शरीराच्या मानाने चांगलीच मोठी भरते. पुष्कळ जाती उत्तम उडतात. संध्याकाळी हवेत तरंगणाऱ्या बारीक किड्यांमध्ये त्यांचा मोठा वाटा असतो.

खरी गंमत घडी घालण्यात आहे. लांब पंख आणि छोटे झाकण, म्हणजे घड्या जास्त लागणार. 2014 साली जपानी संशोधकांनी कॅफियस व्हेस्टिटस या जातीचे अतिवेगवान कॅमेऱ्याने चित्रण केले. उतरल्यावर भुंगेरा आधी दोन्ही पंख एकावर एक मागे आणतो. मग पोट वर उचलून, डावी-उजवीकडे झटके देत, पंख पुढे ढकलत झाकणाखाली सारतो. डाव्या आणि उजव्या पंखांवरच्या घड्यांच्या रेषा सारख्या नसतात. शिवाय तोच किडा एकदा डावीकडून सुरू करतो, तर दुसऱ्यांदा उजवीकडून, म्हणजे प्रत्येक पंखाला दोन्ही तऱ्हांनी दुमडता येते. उलगडायला मात्र क्षणही लागत नाही. पंख मजबूत हवा, लहान जागेत मावायला हवा आणि झटकन उघडायलाही हवा, या तिन्ही अटी पाळणारी घडी म्हणून अभियंतेही तिच्याकडे लक्षपूर्वक बघतात.

काही जातींनी उडणे पूर्ण सोडले आहे. उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावर वाळूत राहणारा थिनोपायनस पिक्टस बिनपंखी आहे. तो रात्री बाहेर पडतो आणि वाळूत उड्या मारणाऱ्या छोट्या कवचधारी जिवांवर झडप घालतो.

4. पोट उघडे राहणे धोक्याचे नाही का? त्यात फायदा काय?

या कुळाबद्दल एकच गोष्ट समजून घ्यायची असेल तर ही घ्या. बहुतेक भुंगेऱ्यांचे पोट कडक झाकणाखाली बंद असते. संरक्षण चांगले होते, पण शरीर ताठ राहते. रोव्ह भुंगेऱ्यांनी झाकण आखडते घेतले आणि पोट मोकळे केले. पोटाचा प्रत्येक खंड स्वतंत्र कड्यासारखा असतो, आणि कड्यांमध्ये लवचिक पडदा. त्यामुळे शरीर सगळीकडे वाकते. मातीच्या भेगा, सालीखालची फट, पाल्याचे दाबलेले थर, अळिंबीच्या पट्ट्या अशा ठिकाणी हा किडा वळत-वळत शिरतो. तिथे जाडजूड भुंगेरा अडकला असता.

गेलेल्या कवचाची भरपाई रसायनांनी केली. पोटात ग्रंथी आल्या, आणि पोट हवे तिकडे वळवता येत असल्यामुळे त्यातला स्राव थेट शत्रूच्या तोंडावर लावता येतो. हेच मोकळे पोट पुढे काही वंशांत मुंगीच्या किंवा वाळवीच्या आकारात घडत गेले. शिवाय प्रश्न 3 मध्ये सांगितल्याप्रमाणे उडणेही हातचे गेले नाही. या कुळाच्या अफाट पसाऱ्यामागे हाच सौदा आहे असे माझे मत आहे, आणि खालची बरीचशी उत्तरे शेवटी इथेच येऊन मिळतात.

5. एकूण जाती किती?

नोंद झालेल्या जाती 65 हजारांहून अधिक. प्राणिसृष्टीतल्या सर्वांत मोठ्या कुळांमध्ये याची गणना होते, आणि सोंडकिड्यांच्या कुळाशी याची कायम चुरस असते. एकट्या ॲलिओकॅरिनी उपकुळात 16 हजारांवर जाती आहेत, तर सेलाफिनी उपकुळात 10 हजारांच्या आसपास. स्टेनस या एकाच प्रजातीत (म्हणजे जवळच्या जातींच्या गटात) 3 हजारांपेक्षा जास्त जाती मोडतात. सगळे पृष्ठवंशी प्राणी, म्हणजे मासे, बेडूक, सरपटणारे, पक्षी आणि सस्तन मिळून जितक्या जाती होतात, जवळपास तितक्या या एका कुळात आहेत. तरी सामान्य वाचकाला यातल्या एकाचेही नाव माहीत नसते. मला याची खरोखर खंत वाटते.

6. हे राहतात कुठे आणि खातात काय?

अंटार्क्टिकाची मुख्य भूमी सोडली तर सगळीकडे. ओल ही त्यांची मोठी गरज. कुजणारा पाला, शेण, मेलेली जनावरे, सडकी फळे, अळिंब्या, सालीखालची जागा, नदीकाठची वाळू, गुहा, पक्ष्यांची आणि सस्तन प्राण्यांची बिळे-घरटी ही त्यांची ठिकाणे. काही जाती भरती-ओहोटीच्या पट्ट्यात राहतात.

शेणावर किंवा मेलेल्या जनावरावर हे किडे दिसले की लोक समजतात ते घाण खातात. बहुतेक वेळा ते तिथे शिकारीला आलेले असतात. माश्यांची अंडी आणि अळ्या हे त्यांचे खाद्य. क्रिओफिलस मॅक्सिलोसस मेलेल्या जनावराजवळ हमखास सापडतो तो तिथल्या अळ्यांसाठी. शिकारी जातींपैकी अनेक जण आधी पाचकरस भक्ष्यावर सोडतात आणि विरघळलेला भाग शोषून घेतात.

पण सगळेच शिकारी नाहीत. ऑक्झिपोरस अळिंबी खातो. स्कॅफिसोमासारखे बुरशीवर जगतात. ब्लेडियस ओल्या वाळू-चिखलात बिळे करून शेवाळ खातो, आणि ओमॅलिनी उपकुळातले काही फुलांवर परागकण खाताना दिसतात. अंगावर पिवळे-काळे केस असलेला, लांबून बंबलबी या जाडजूड, केसाळ माशीसारखा भासणारा युरोपातला ईमस हर्टस ताज्या शेणाभोवती इतर किड्यांची शिकार करतो.

7. अंड्यापासून प्रौढापर्यंत त्यांचे आयुष्य कसे जाते?

अंडी, अळी, कोष, प्रौढ. अळी साधारणपणे दोनदा कात टाकते, म्हणजे तिच्या तीन अवस्था होतात. शिकारी जातींच्या अळ्याही शिकारी असतात: लांबट, चपळ, मोठ्या जबड्यांच्या आणि पोटाच्या टोकाला दोन बारीक शेपट्या असलेल्या. कोष बहुधा मातीत होतो.

आई पिलांकडे बघत नाही, हा समज इथे मोडतो. ब्लेडियस स्पेक्टाबिलिस ही जात खाऱ्या चिखलात राहते आणि तिथे भरतीचे पाणी रोज येते. मादी बाटलीच्या आकाराचे बीळ करते, तोंड अगदी अरुंद. पाणी चढले तरी त्या अरुंद तोंडामुळे आत हवा अडकून राहते आणि पिले बुडत नाहीत. ती अंड्यांजवळ थांबते, बीळ दुरुस्त करते, हवा खेळती ठेवते आणि लहान अळ्यांसाठी शेवाळ आणून ठेवते. आईला काढून टाकले, तर बरीचशी पिले पाण्याने, बुरशीने किंवा शत्रूंमुळे मरतात.

दुसरे टोक म्हणजे ॲलिओकारा. हिची नुकतीच बाहेर पडलेली अळी मातीत माशीचा कोष शोधते, त्याला भोक पाडून आत शिरते आणि आतली माशी खाऊन तिथेच वाढते. त्या कोषातून शेवटी माशीच्या जागी भुंगेरा बाहेर येतो.

8. अंगावर भाजल्यासारखे फोड उठवणारा लाल-काळा किडा तो हाच का?

हो, पण फक्त पेडेरस आणि त्याच्या अगदी जवळच्या काही प्रजाती. लांबी 7 ते 10 मिलिमीटर. डोके काळे, छाती नारिंगी, पंख निळसर-हिरवे चमकदार, पोट नारिंगी आणि पोटाचे टोक पुन्हा काळे. पूर्व आफ्रिकेत याला नैरोबी माशी म्हणतात. तिथे 1997-98 च्या एल निनोच्या मुसळधार पावसानंतर त्याचा मोठा उद्रेक झाला होता.

हा किडा चावत नाही, डंखही मारत नाही. त्याच्या शरीरातल्या द्रवात पेडेरिन नावाचे विष असते. किडा त्वचेवर चिरडला की ते बाहेर येते आणि पेशींमधली प्रथिने तयार होण्याची क्रिया थांबवते. लगेच काहीच जाणवत नाही. बहुधा 12 ते 48 तासांनी जळजळ, लाली आणि मग फोड येतात. किडा पुसताना हात जसा फिरला तसा लांब पट्टा उमटतो. कोपराच्या किंवा गुडघ्याच्या आतल्या बाजूला झाल्यास समोरासमोरच्या त्वचेवर दोन सारखे डाग पडतात. नागीण किंवा भाजणे समजून चुकीचे उपचार होतात ते यामुळेच. साधारण एक ते तीन आठवड्यांत जखम भरते. काळसर डाग जास्त दिवस राहू शकतो.

किडा अंगावर बसला तर मारू नका. फुंकर घाला किंवा कागदावर चढवून दूर करा. चिरडला गेलाच, तर ती जागा लगेच साबणाने आणि भरपूर पाण्याने धुवा, आणि हातही धुवा. न धुतलेले बोट डोळ्याला लागले तर विष डोळ्यात जाते, डोळा सुजतो आणि फार दुखतो. तसे झाले तर पाण्याने धुवत राहा आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. फोड मोठे असतील किंवा चेहऱ्यावर असतील, तरी डॉक्टरांना दाखवा. मनानेच मलमे लावू नका. एकाकडून दुसऱ्याला होणारा हा आजार नाही. फोडांतल्या पाण्यामुळेही तो पसरत नाही. रात्री दिव्याकडे हे किडे येतात, म्हणून जाळ्या लावणे, झोपायच्या जागेजवळचा पांढरा दिवा बंद ठेवणे आणि अंथरूण-टॉवेल झटकून घेणे हा खरा बचाव.

9. हे विष किड्याच्या अंगात येते कुठून?

पेडेरिन किडा स्वतः बनवत नाही. 1953 साली इटलीत पावन आणि बो यांनी पेडेरस फुसिपेसचे अक्षरशः लाखो किडे गोळा करून हे रसायन वेगळे केले. ते बनवणारी जनुके मात्र जीवाणूची निघाली. 2002 साली योर्न पील यांनी दाखवून दिले, की मादीच्या शरीरात राहणारा सुडोमोनास गटातला जीवाणू ती जनुके वागवतो. विष प्रामुख्याने माद्यांमध्ये असते, आणि सगळ्या माद्यांमध्येही नसते. जीवाणू असलेली मादी अंड्यांना पेडेरिन देते. अशा अंड्यांतून आलेल्या अळ्या वुल्फ स्पायडर कुळातले कोळी तोंडात घेतात आणि सोडून देतात. म्हणजे हे विष मुळात पिलांच्या रक्षणासाठी आहे, माणसाच्या कातडीशी त्याचा संबंध निव्वळ अपघाताचा.

समुद्री स्पंजांमध्येही पेडेरिनच्या जवळची संयुगे सापडली आहेत. जमिनीवरचा भुंगेरा आणि समुद्रतळाचा स्पंज यांना जोडणारा दुवाही जीवाणूच आहेत.

10. मग पेडेरस दिसला की फवारणी करावी का?

शेतात तरी नाही. पेडेरस फुसिपेस भातावरच्या तपकिरी तुडतुड्यांचा आणि इतर किडींचा खंदा शत्रू आहे. सरसकट फवारणीने तो मरतो आणि तुडतुडे उरतात. घरात प्रश्न 8 मधली काळजी पुरते. आणि एका प्रजातीच्या त्रासासाठी हजारो निरुपद्रवी जातींना चिरडत सुटणे हा अन्याय आहे, हे मी प्रत्येक पत्राच्या उत्तरात लिहितो आणि इथेही लिहितो.

11. शेपूट विंचवासारखी उचलतो. म्हणजे नांगी असते ना?

नाही. या कुळात कुणालाही नांगी नाही. पोट उचलणे हा इशारा आहे, आणि ग्रंथींचे तोंड शत्रूकडे वळवण्याची तयारीही. ऑसिपस ओलेन्स छेडल्यावर पोट डोक्याच्या दिशेने वाकवतो, जबडे उघडतो आणि टोकाशी दोन पांढऱ्या ग्रंथी बाहेर काढून दुर्गंध सोडतो. जबडे मोठे असल्याने हाताळल्यास तो कडकडून चावतो. दुखते, पण विष नसते. लहान जातींचे जबडे माणसाच्या त्वचेला काही करू शकत नाहीत.

12. त्यांच्या रासायनिक ग्रंथी काम कशा करतात?

प्रत्येक मोठ्या गटाची तऱ्हा वेगळी आहे. सर्वांत बारकाईने अभ्यासली गेली ती डॅलोटिया कोरिआरिया या जातीची पाठीवरची ग्रंथी. पोटाच्या सहाव्या आणि सातव्या खंडांच्या मध्ये ती असते. तिच्यात दोन प्रकारच्या पेशी आहेत. एक प्रकार बेंझोक्विनोन बनवतो. ते झोंबणारे असते पण घनरूप, त्यामुळे एकटे निरुपयोगी. दुसरा प्रकार तेलकट द्रावक बनवतो, तोही एकटा निरुपद्रवी. द्रावकात बेंझोक्विनोन विरघळले की मुंगीला पळवून लावणारे अस्त्र तयार होते. दोन वेगळ्या पेशी उत्क्रांतीत एकमेकींवर अवलंबून कशा झाल्या, याचा उलगडा करणारे संशोधन अमेरिकेतल्या कॅलटेक या संस्थेतल्या जोसेफ पार्कर यांच्या गटाने 2021 मध्ये प्रसिद्ध केले.

स्टेनसने आपल्या ग्रंथीचा भलताच उपयोग केला. तो पाणवठ्याकाठी राहतो. पाण्यात पडला की पोटाच्या टोकातून स्टेनुसिन असलेला स्राव सोडतो. मागच्या पाण्याचा पृष्ठताण कमी होतो, आणि पुढचा ताण किड्याला ओढत नेतो. पाय न हलवता तो सेकंदाला अर्ध्या मीटरहून जास्त वेगाने पाण्यावरून सरकत काठ गाठतो. त्याचे तोंडही वेगळेच आहे: खालचा ओठ शरीरातल्या द्रवाच्या दाबाने काही मिलिसेकंदांत पुढे फेकला जातो आणि टोकावरच्या चिकट गादीला स्प्रिंगटेल, म्हणजे उड्या मारणारा बारीक जीव, चिकटतो.

13. शेतीत किंवा कुंड्यांमध्ये यांचा उपयोग होतो का?

होतो. प्रश्न 12 मधला डॅलोटिया हरितगृहांसाठी मुद्दाम वाढवून विकला जातो. ओल्या मातीतून उठणाऱ्या फंगस नॅट माश्यांच्या अळ्या आणि मातीत कोषावस्थेत गेलेले फुलकिडे तो खातो. ॲलिओकारा बायलिनिएटा कोबीच्या मुळांना लागणाऱ्या माशीवर दुहेरी काम करतो: प्रौढ तिची अंडी-अळ्या खातात, आणि त्याच्या अळ्या तिच्या कोषात शिरतात (प्रश्न 7). बागेत विकत आणण्याआधी आहेत ते टिकवा. जमिनीवर पाल्याचा थर राहू द्या, कोरडी उघडी माती कमी करा आणि कीटकनाशक मातीत ओतू नका.

14. मुंग्यांच्या वारुळात हे किडे राहतात म्हणे. मुंग्या त्यांना मारत कशा नाहीत?

बऱ्याच जाती मुंग्यांचे उष्टे-खरकटे खात कडेकडेने राहतात आणि पळ काढतात. थोड्या मात्र थेट घरात शिरतात. त्यांचे सर्वांत सुंदर निरीक्षण मुंग्यांचे अभ्यासक बर्ट हॉलडॉब्लर यांनी लोमेचुसा प्युबिकॉलिसवर केले. पूर्वी हिला ॲटेमेलिस म्हणत.

हा भुंगेरा उन्हाळा फॉर्मिका मुंग्यांकडे काढतो आणि हिवाळा मिर्मिका मुंग्यांकडे. शरद ऋतूत तो नव्या वारुळाच्या दाराशी पोचतो. समोर आलेल्या मुंगीला मिशांनी हलकेच थापटतो आणि पोटाचे टोक तिच्या तोंडाकडे करतो. टोकाशी मुंगीला शांत करणारी ग्रंथी आहे. मुंगी तो स्राव चाटते आणि तिचा आवेश उतरतो. मग ती पोटाच्या बाजूंवरच्या केसाळ ग्रंथींकडे वळते. या ग्रंथींचा स्राव चाखल्यावर भुंगेरा पोट खाली करतो, आणि मुंगी त्याला त्याच केसांना धरून आत, थेट पिलांच्या खोलीत घेऊन जाते. हिवाळ्यातही मिर्मिकाच्या वारुळात पिले आणि अन्न असते, म्हणून मुक्काम तिथे. वसंतात तो फॉर्मिकाकडे परततो, तिथे अंडी घालतो. त्याच्या अळ्या मुंग्यांकडे तोंड वर करून अन्न मागतात, मुंग्या त्यांना भरवतात, आणि अळ्या भरीला मुंग्यांची पिलेही खातात. त्या एकमेकींनाही खातात, त्यामुळे वारूळ पूर्ण बुडत नाही.

आर्मी अँट या झुंडीने भटकत शिकार करणाऱ्या मुंग्यांसोबत चालणाऱ्या जातींनी वेगळा मार्ग धरला: शरीरच मुंगीसारखे झाले, बारीक कंबर आणि लांब पायांसकट. मुनेतोशी मारुयामा आणि पार्कर यांनी 2017 मध्ये दाखवले, की हे रूप ॲलिओकॅरिनीमध्ये किमान 12 वेळा स्वतंत्रपणे आले, आणि त्या सगळ्यांचा समान पूर्वज सुमारे 10 कोटी वर्षांपूर्वीचा आहे. सेलाफिनीतला क्लॅविगर तर आंधळा आणि बिनपंखी. लॅसियस मुंग्या त्याच्या केसांच्या झुबक्यांवरचा स्राव चाटतात आणि त्याला जवळ बाळगतात.

15. वाळवीसोबतही राहतात का?

राहतात, आणि इथे पोटाचे रूप सर्वांत जास्त बदलते. 2023 मध्ये ऑस्ट्रेलियातून नोंदवलेली ऑस्ट्रोस्पिराक्था कॅरिहोई ही जात पाहा. तिचे पोट फुगून पाठीवर उलटे वळले आहे आणि त्याला वाळवीचा आकार आला आहे, तीन जोड्या खोट्या पायांसह. वरून पाहिले तर वाळवीच दिसते. खरे डोके आणि पाय त्या बाहुलीखाली असतात. वारुळातल्या अंधारात पाहणारे कुणी नाही, तेव्हा हे रूप वाळवीच्या स्पर्शाला फसवण्यासाठी असावे, असे मानले जाते.

16. उंदरांच्या अंगावर सापडणारे रोव्ह भुंगेरे रक्त पितात का?

बराच काळ तसेच समजत होते. लॅटिन अमेरिकेतले अँब्लिओपायनस गटातले भुंगेरे उंदरांच्या केसांना धरून बसलेले सापडत, म्हणून त्यांना परजीवी ठरवले गेले. 1987 मध्ये ॲश आणि टिम यांनी कोस्टा रिकात पाहिले, की हे भुंगेरे उंदराच्या अंगावरच्या आणि घरट्यातल्या पिसवा खातात. उंदीरही त्यांना झटकत नाही, चेहऱ्यावरून फिरू देतो. अंगावर सापडला म्हणजे रक्त पितो, हा निष्कर्ष घाईचा होता.

17. नर मादीचे सोंग घेतात, हे खरे आहे का?

खरे आहे. मध्य अमेरिकेतला लिस्टोट्रोफस व्हर्सिकलर शेणाजवळची जागा राखतो, कारण तिथे माश्या खायला माद्या येतात. लहान चणीचा नर भांडणात टिकत नाही. तो मोठ्या नरासमोर मादीसारखा वागतो, मार चुकवतो आणि संधी साधून खऱ्या मादीशी मिलन करतो. ॲलिओकारा कर्टुलामध्ये हेच गंधाने होते: कोवळे नर मादीचा गंध अंगावर बाळगतात, त्यामुळे मोठे नर त्यांच्यावर तुटून पडत नाहीत. लिस्टोट्रोफसची आणखी एक युक्ती आहे. शेण नसेल तिथे तो पानावर पोटाचा स्राव लावतो आणि वासाने आलेल्या माश्या पकडतो.

18. फोटो पाठवला तर जात सांगाल का?

गट बहुधा सांगता येतो, जात क्वचितच. पेडेरस, ऑसिपस, ईमस असे ठळक किडे ओळखता येतात. तीन मिलिमीटरचा तपकिरी ॲलिओकॅरिनी मात्र सूक्ष्मदर्शकाखाली प्रजननेंद्रिये पाहिल्याशिवाय तज्ज्ञालाही सांगता येत नाही. फोटो काढताना वरून, बाजूने आणि शक्य तर मिशा स्पष्ट दिसतील असा काढा. कुठल्या जागी सापडला हेही लिहा: शेण, अळिंबी की सालीखाली. ही माहिती निम्मे काम करते. नमुना ठेवायचा तर 70-80 टक्के अल्कोहोलमध्ये, डीएनएसाठी 95 टक्के. मिळवायला पाला चाळणे आणि मातीत पेला पुरून ठेवणे या पद्धती पुरतात.

19. नव्या जाती अजून सापडतात का?

दरवर्षी शेकड्यांनी, आणि बऱ्याच संग्रहालयांच्या कपाटांतून. 1832 मध्ये तरुण चार्ल्स डार्विनने अर्जेंटिनात बाहिया ब्लांका इथे एक हिरवट चमकदार डोक्याचा भुंगेरा पकडला. तो लंडनच्या संग्रहात नीट नोंद न होता पडून राहिला. शेवटी 2014 मध्ये स्टिलियानोस चात्झिमानोलिस यांनी त्याचे वर्णन करून डार्विनिलस असे प्रजातीनाव दिले.

20. हे कुळ किती जुने आहे?

मध्य ज्युरासिक काळातले, म्हणजे सुमारे 16.5 कोटी वर्षांपूर्वीचे, निर्विवाद जीवाश्म चीनमध्ये मिळाले आहेत. यापेक्षा जुने म्हणून अनेक ठिकाणी लीहर्मानियाचे नाव वाचाल. अमेरिकेतला हा ट्रायासिक जीवाश्म 2012 मध्ये सर्वांत जुना रोव्ह भुंगेरा म्हणून जाहीर झाला होता. नंतरच्या तपासणीत तो मिक्सोफॅगा या पूर्ण वेगळ्या गटात गेला. जुने लेख वाचताना हे ध्यानात ठेवा.

मुंग्या-वाळवीशी असलेली संगतही जुनी आहे. म्यानमारच्या सुमारे 9.9 कोटी वर्षे जुन्या अंबरमध्ये (दगड झालेल्या झाडाच्या चिकात) वाळवीसोबत राहणारा क्रेटोट्रायकोप्सेनियस सापडला. गुजरातच्या खंभात अंबरमध्ये, सुमारे 5.2 कोटी वर्षांपूर्वीचा प्रोटोक्लॅविगर मिळाला. तो प्रश्न 14 मधल्या क्लॅविगरचा पूर्वसुरी. त्याच्या अंगावर मुंग्यांनी चाटायचे केसांचे झुबके आहेत, पण आजच्या क्लॅविगरमध्ये पूर्ण जुळून गेलेले पोटाचे खंड त्याच्यात अजून वेगळे दिसतात.

21. पूर्ण लांब पंखांचा रोव्ह भुंगेरा असू शकतो का? आणि आखूड पंखांचा दुसरा भुंगेरा?

दोन्ही असतात. स्कॅफिडिनी उपकुळातले चकचकीत, होडीच्या आकाराचे किडे आणि मुंगीएवढे स्किडमॅनिनी यांचे कवचपंख जवळजवळ पूर्ण पोट झाकतात. ओमॅलिनीतही लांब पंखांच्या जाती आहेत. उलट काही तेलभुंगेरे, रसभुंगेरे आणि नेसिडॅलिससारखे लांब मिशांचे भुंगेरे आखूड पंख मिरवतात, पण ते वेगळ्या कुळांतले. म्हणून प्रश्न 1 मधली खूण पहिली धरा, एकमेव धरू नका. मिशांचा आकार, पायांचे सांधे आणि पोटाचे मोकळे खंडही पाहा.

वर्गीकरणही हलते आहे. सेलाफिनी 1995 पर्यंत स्वतंत्र कुळ होते, स्किडमॅनिनी 2009 पर्यंत. आता डीएनए अभ्यासांवरून मेलेली जनावरे पुरणाऱ्या भुंगेऱ्यांचा सिल्फिडी गटही रोव्ह भुंगेऱ्यांच्याच वंशवृक्षात बसतो, आणि बरेच तज्ज्ञ त्याला सिल्फिनी उपकुळ मानू लागले आहेत. तुमच्याकडच्या जुन्या मार्गदर्शक पुस्तकात ही तिन्ही नावे स्वतंत्र कुळे म्हणून दिसली, तर पुस्तक चुकीचे समजू नका. ते कोणत्या सालचे आहे तेवढे पाहा.